मंगळाला जाणारी सून

वाचक बंधुभगिनींनो, पुढील कथेत मी दोन कार्ये पार पाडणार आहे. म्हसावदचा हेमकांत व लोणखेड्याची नूतन यांची प्रीती मी आरंभापासून सांगणार आहे, आणि त्याच ओघात माझे एक मतही कोणाची भीड न धरता मांडणार आहे. ते मत असे की, मनुष्याने मंगळ ग्रहावर जावे, आणि नुसता झेंडा रोवून परत न येता तेथे घर करून राहावे. ह्या दोहोंचा परस्परांशी काय संबंध, असे ज्यास वाटेल त्याने कथा शेवटपर्यंत वाचावी. ज्यास हसू येईल त्याने खुशाल हसावे. हसणारे आमच्या पारावर रोजच बसतात. त्यांच्या हसण्याने अद्याप एकही ग्रह आपल्या वाटेवरून ढळलेला नाही.

पौष महिना होता. धडगावहून शहाद्याकडे निघालेली जीप सातपुड्याचा घाट उतरत होती. आत माणसे अशी दाटली होती की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याने सोडावा. हेमकांत आंब्याची कलमे पाहण्यासाठी वर गेला होता व आता घरी परतत होता. त्याची म्हसावदला केळीची बाग, वय लग्नाचे, स्वभाव भिडस्त. समोरच्या बाकावर एक तरुणी बसली होती. तिने जांभळी ओढणी कानांवरून घट्ट बांधली होती आणि तिचे एक जड पोते नेमके हेमकांतच्या पायावर विसावले होते. अर्धा घाट त्याने सोसले. पाय बधिर झाल्यावर मात्र त्याने धीर केला.

"या पोतामा काय शे?"

"मंगळ," ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली.

"मंगळ... मंग तो मन्हा पायवर काब्र बठना?"

"तुमनी पत्रिकामा व्हई."

सगळी जीप हसली. हेमकांतही हसला, आणि हसता हसता त्याने तिचे डोळे पाहिले. काही डोळे असे असतात की ते आपल्याकडे पाहतात तेव्हा आपण आपल्यालाच प्रथम दिसू लागतो... ते तसे होते.

पुढच्या वळणावर गाडीचे पाणी उकळले आणि सगळे खाली उतरले. तेव्हा तिने खरे काय ते सांगितले. तिचे नाव नूतन. लोणखेड्याच्या महाविद्यालयात ती वनस्पतिशास्त्राचे शेवटचे वर्ष शिकत होती. पोत्यात खडी फोडण्याच्या यंत्राखालचा दगडाचा चुरा होता. आपल्या सातपुड्याचा काळा दगड आणि मंगळावरची माती ही एकाच गोत्राची, असे तिने समजावले. दोन्ही ज्वालामुखीच्या लेकी. एक पावसात भिजून काळी राहिली, दुसरी गंजून लाल झाली. त्या चुऱ्यात ती मेथी उगवून पाहत होती.

मंगळावर मेथी लावली तर ती खायला कोण जाणार, असे हेमकांतने थट्टेने विचारले.

"मी जासू," ती म्हणाली.

त्या स्वरात थट्टा नव्हती. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता. पूर्वेच्या कड्यावर एक तांबूस ठिपका वर आला होता, आणि तिने बोट करून तो दाखवला. हेमकांतने त्या ठिपक्याकडे थोडे पाहिले व बोटाकडे अधिक पाहिले. थंडी बोचत होती, परंतु त्या बोटाचा रोख तिळभरही ढळत नव्हता.

त्यानंतर हेमकांतला लोणखेड्यात वारंवार कामे निघू लागली. कधी केळीच्या रोपांची चौकशी, कधी ट्रॅक्टरचा सुटा भाग. शेवटी नूतननेच त्याला सांगितले की एवढी कारणे शोधण्यापेक्षा येताना दगडाचा चुरा आणत जा, म्हणजे येण्याला अर्थ येईल. मग तो चुरा आणू लागला. मेथीचे पहिले कोंब पिवळे पडले. तेव्हा हेमकांतचे तोंड असे उतरले की नूतनला त्याचीच समजूत काढावी लागली. तिने गांडूळखत वाढवले. पुढची मेथी हिरवी आली. तिने एक पान खुडून त्याच्या तळहातावर ठेवले. ते त्याने खाल्ले नाही, खिशात ठेवले... ते तिने पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

बोलणे मंगळाचेच चाले, पण त्यातून दोघे एकमेकांना कळत गेले. पृथ्वीवर एवढे दुःख असताना तिकडे कशाला जायचे, हा सर्वांच्या तोंडचा प्रश्न हेमकांतनेही केला. त्या वर्षी त्याच्या बागेत केळीचा विषाणू शिरला होता व उभी झाडे उपटावी लागली होती. नूतनने उलट त्यालाच विचारले, की तुमची सगळी रोपे एका जातीची आणि एकाच वावरात होती म्हणूनच ना ती एका रोगात गेली? मनुष्यजात ही आज एकाच वावरातली बाग आहे. शहाणा शेतकरी सगळे बियाणे एका कोठीत ठेवीत नाही. यंत्रे पाठवली म्हणजे पुरे, असे कोणी म्हणाले तर ती विचारी, बांधावर न जाता फोटो पाहून तुम्ही पीक ओळखता का? आणि पाण्याविषयी ती म्हणे, तिकडे पाणी गोठलेले आहे, मोजके आहे. जो माणूस तिकडे एका थेंबात पीक काढायला शिकेल, त्याची विद्या उद्या आपल्याच कोरड्या वावराच्या कामी येईल.

हे सर्व मला पटलेले आहे. म्हणून मी ते ठासून लिहीत आहे.

दोन्ही घरे एकाच समाजाची, तापीकाठच्या शेतकऱ्यांची. पुष्कळ पिढ्यांपूर्वी यांचे वाडवडील गुजरातेतून बैलगाड्या जुंपून इकडे आले. त्यामुळे नात्याला कोणाचीच हरकत नव्हती. हेमकांतचे वडील चुनीलाल आणि आई रंजनाबाई मुलगी पाहून आले, चहा झाला, होकार झाला. आणि त्याच आठवड्यात नूतनची निवड झाल्याचे कळले. लडाखच्या ओसाड थंड पठारावर एक बंदिस्त घर उभारलेले होते. मंगळावर राहावे तसे तेथे काही तरुणांनी राहायचे, आतच पिकवायचे, आतच शिजवायचे आणि बाहेर पडायचे तर मुखवटा व पोशाख घालून पडायचे, अशी ती योजना होती. श्रावण संपताच निघून दिवाळीनंतर परतायचे होते. त्यात जी माणसे टिकतील, त्यांनाच पुढे खऱ्या प्रवासासाठी अर्ज करता येणार होता.

चुनीलाल यांनी निरोप धाडला की सून हवी ती घरात दिवा लावणारी. डबड्यात बसून आभाळाचा रस्ता धरणारी नको. मंगळ सोडावा, नाहीतर हे घर सोडावे.

निरोप आला तेव्हा हेमकांत नूतनसमोरच उभा होता. तो मान खाली घालून राहिला.

"तुमनं काय म्हननं शे?" तिने विचारले.

"आबासले समजाडसू... हळूहळू..."

"हळूहळू मेथी येस," ती म्हणाली. "माले एकच सांगा. मी जासू, हाई तर ठरेल शे. तुमी मन्हा संगे शेतस का नही, हाई आबासना समोर बोलशात?"

त्याने उत्तर दिले नाही. ती आत निघून गेली. वाचकहो, प्रीतीत नकारापेक्षा मौन अधिक जाळते. नकाराला निदान आवाज असतो.

श्रावणातली कानबाई आली. आमच्या खान्देशात ज्यांच्या घरी ही देवी बसते, त्यांची रीत अशी, की देवीच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाचे नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचा. तो एकत्र दळायचा. त्याचे रोट कुळातल्या माणसांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत आणि मागे उरू द्यायचे नाहीत. चुनीलाल यांच्या पूर्वजांनी ही देवी गुजरातेतून आणलेली नव्हती. ती त्यांना इथे भेटली, आणि इथे राहायचे ठरल्यावर त्यांनी ती आपली मानली.

शनिवारी सकाळी रंजनाबाई अंगणात परात घेऊन गहू मापायला बसल्या होत्या. चुनीलाल खाटेवर बसून देखरेख करीत होते. तेवढ्यात फाटकाशी दुचाकी थांबली आणि नूतन एकटी आत आली. तिने दोघांना वाकून नमस्कार केला आणि उभ्यानेच सांगितले की तुमच्या निरोपाचे उत्तर दुसऱ्याच्या तोंडून देणे मला बरे वाटले नाही, म्हणून स्वतः आले. मी लडाखला जाणार आहे. पुढे निवड झाली तर त्याही पुढे जाणार आहे. ह्या घरात येण्याची माझी मनापासून इच्छा आहे, पण खोटे बोलून यायची नाही.

चुनीलाल रागावल्यासारखे दिसले; खरे तर ते घाबरले होते, आणि म्हातारपणी भीती ही रागाचेच कपडे घालते.

"पोरी, तठे माणूस मरी ग्या तर त्याले खांदा कोन दी?"

"काका, जे पहिले म्हसावदमा उनात, त्यासले खांदा कोन दिन्हा?" नूतनने शांतपणे विचारले. "संगे उनात त्यासनीच ना? मंग ती जागा आपली व्हयनी."

गोठ्याच्या दाराशी हेमकांत उभा होता. त्याच्या हातातली पेंढी खाली पडली, आणि तो पुढे येऊन नूतनच्या शेजारी उभा राहिला. खांद्याला खांदा लागेल न लागेल, एवढ्याच अंतरावर.

"आबा, ती जाई," तो म्हणाला. "आनि जवय तठे वावर करनारा लागतीन, तवय मी बी जासू. तुमले पसंत नशी तरी जासू."

चुनीलाल यांनी बायकोकडे पाहिले, जणू ती तरी ह्यांना आवरील. रंजनाबाईंचे मूठ मापणे चालूच होते. चुनीलाल, हेमकांत, सुरतला कापडाच्या गिरणीत असलेला दीर, त्याची मुले... एकेक नाव घेत त्या गहू परातीत सोडत होत्या. शेवटच्या नावानंतर त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी पुन्हा मूठ भरली, वर आणखी पाव मूठ घेतली, आणि स्पष्ट शब्दांत उच्चारले, "नूतन."

"बायासनी मूठ नही ऱ्हास," चुनीलाल म्हणाले.

"आते शे."

"ती आजून आपली बी नही. आनि चालनी कथी..."

"सुरतवाला भाऊजीनी मूठ दरसाल काढस. ते येवोत का नही येवोत," रंजनाबाई म्हणाल्या. "जेनं नाव लिधं, तो घरना. दूर गयेल माणूसनी मूठ तर आधी काढाले पाहिजे."

एवढे बोलून त्यांनी परातीतून हात फिरवला आणि सगळा गहू एक केला.

"आते ल्या निवडीसन," त्या म्हणाल्या.

कोण निवडणार, आणि कसे निवडणार? देवीच्या नावाने काढलेले धान्य टाकताही येत नाही. चुनीलाल उठले आणि वावराकडे चालू लागले.

रविवारी देवी बसली. भाऊबंद पंगतीला बसले, सुरतचे दीरही आले होते. नूतन नव्हती, लग्न झाले नसल्याने तिला तो रोट खाता येत नव्हता, आणि तेवढा नियम रंजनाबाईंनीही मोडला नाही. घरचा वडील पहिला घास घेतो, म्हणून सगळ्यांचे हात थांबले होते. चुनीलाल यांनी ताटाकडे पाहिले. त्यांच्या ताटात नेहमीपेक्षा जास्त रोट होते. वाढणारीकडे त्यांनी नजर टाकली, तेव्हा रंजनाबाई म्हणाल्या की जी हजर नाही तिचा वाटा कोणीतरी संपवायचाच असतो; तो सासऱ्याकडे आला आहे.

चुनीलाल यांनी रोट मोडला, खिरीत बुडवला आणि तोंडात घातला. एक खाल्ला, दुसरा खाल्ला. ताट स्वच्छ झाल्यावर ते मुलाला म्हणाले, "तिले सांग, लगीन ती परत उनी म्हंजे धरूत. आनि तठे थंडी भलती ऱ्हास, घोंगडी लई जाय म्हना."

श्रावण सरला. नंदुरबारच्या स्थानकावर सकाळची गाडी यायची होती. आभाळ भुरभुरत होते आणि छपराच्या कडेला थेंब ओळीने लटकत होते. नूतनच्या खांद्यावर घडी केलेली काळी घोंगडी होती. हेमकांतने पुष्कळ दिवस जुळवून ठेवलेले वाक्य एकदाचे उच्चारले, "नूतन — माझे तुझ्यावर मनापासून प्रेम आहे."

ती गालात हसली. "हाई तं पुस्तकमधलं शे. आपला बोलीमा सांगा."

तो गोंधळला. बोलीत हे कसे म्हणतात, ते त्याने कोणाच्या तोंडून ऐकलेच नव्हते. गाडीचा आवाज जवळ येऊ लागला...

"तुन्हा बिगर माले करमस नही," तो म्हणाला.

"आनि मंगळवर?"

"तठे तं एकला कोनलेच करमाव नही. म्हनीसन दोन जनसनी जावाले पाहिजे."

नूतनने सर्वांदेखत त्याचा हात हातात घेतला आणि गाडी पूर्ण थांबेपर्यंत सोडला नाही. फलाटावर ओळखीची माणसे होती. त्यांनी पाहिले. पाहू देत.

आणि आता ज्यांनी हसण्यासाठी कथा वाचली, त्यांस माझे सांगणे आहे. जी भूमी आज तुम्ही वडिलोपार्जित म्हणून छातीठोकपणे सांगता, ती कोणा एका गाडीवानाच्या वेडेपणाची कमाई आहे. त्यालाही वेशीवर लोक हसलेच असतील. मनुष्य मंगळावर जाईल, तेथे वसेल, तेथे मेथी पिकवील आणि तेथेही भांडेल. त्यास माझी संमती कोणी विचारलेली नाही, तरी मी ती देत आहे.

ज्यांनी वेळ काढून हे लिखाण वाचले, त्या सर्व थोरामोठ्यांचे व तरुण वाचकांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
भूपेंद्र रतिलाल पाटील
मुक्काम म्हसावद, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार