न उठवलेला वर्ग

पीटीच्या बाईंचा तास म्हणजे शाळेतला सगळ्यात गोंगाटाचा तास, आणि बाईंना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. पोरं घामाघूम व्हायला हवीत, घसे बसायला हवेत, असं त्यांचं ठाम मत. मात्र तासाच्या शेवटी हॉलच्या खिडक्या लोटून घ्यायच्या, निळ्या जाड चटयांवर सगळ्यांनी उताणं पडून शवासन करायचं, यात कुणाची गय नव्हती. "डाव्या कुशीवर वळा, हाताचा आधार घ्या, सावकाश उठून बसा," हे बाईंच्या तोंडून येईपर्यंत कुणी पापणीही हलवायची नाही.

बाईंची एकुलती एक मुलगी याच वर्गात होती. घरी तिची टकळी थांबायची नाही, आणि शाळेत आईला 'बाई' म्हणायचं हा एकच नियम ती इमानेइतबारे पाळायची.

त्या दिवशी शवासन छान लागलं होतं. पाय चटईत बुडू द्या, पाठ बुडू द्या, डोकं बुडू द्या, असं बाई हळू आवाजात सांगत होत्या. तेवढ्यात शिपाईकाका दारात येऊन खुणा करायला लागले. मैदानावर एक मुलगा शिडीवरून पडला होता आणि त्याचा हात मोडला होता. बाई तशाच धावल्या. दवाखाना, त्याच्या आईची रडारड, सह्या, यात दिवस कधी सरला ते कळलं नाही. मागे घंटा झाली, वर्ग आपापला उठून पुढच्या तासाला गेला, आणि काकांनी चटया गुंडाळून ठेवल्या. दुसऱ्याच दिवशी नव्या चटया आल्या, तशा जुन्या अडगळीच्या खोलीत गेल्या.

घरी मुलीने बूट जोडीने लावले. ताटात पडलं ते निमूट खाल्लं. तिच्या बाबांना कोण आनंद झाला. लेक एका दिवसात शहाणी झाली म्हणून ते बाईंनाच चिडवत राहिले. बाईही हसल्या. पण निजायला जाताना मुलगी दारात थांबून म्हणाली, "मी झोपू का, बाई?"

थट्टा असेल, असं बाईंनी मनाला समजावलं. सकाळी तिने हात पुढे केला. "डबा द्या, बाई." आईला 'द्या' म्हणणारी मुलगी बाईंनी कधी पाहिली नव्हती.

शाळेत सगळे त्या वर्गावर खूश होते. गणिताचे सर तर म्हणाले की असा वर्ग जन्मात मिळाला नव्हता. बाई मुद्दाम जाऊन दाराशी उभ्या राहिल्या. सगळ्या पाठी ताठ होत्या. सगळे खांदे एकदम वर जात होते आणि एकदम खाली येत होते. खोकला नाही, चुळबुळ नाही. बाईंनी पुढच्या तासाला नव्या चटयांवर शवासन घेतलं आणि पोरांना नीट, रीतसर उठवलं. तसेच्या तसे उठून ते रांगेत निघून गेले.

त्या संध्याकाळी बाईंनी मुलीला समोर बसवून विचारलंच, की तुला झालंय तरी काय. मुलीने शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही न उठवता गेलात. घंटा झाली. कुणीतरी उठायला हवंच होतं, बाई."

बाईंचा डोळा लागला नाही. जुन्या चटया हल्ली उचलवत नाहीत, दमट हवेने जड झाल्या असतील, असं काका परवा कुरकुरत होते ते त्यांना आठवलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीआधी त्यांनी अडगळीची खोली उघडली आणि एक गुंडाळी सोडली.

चटई कोमट होती. तिचा मधला भाग सावकाश फुगत होता, सावकाश बसत होता.

एकेक चटई ओढत त्यांनी हॉलमध्ये नेली आणि पूर्वीसारखी मांडली. थोड्याच वेळात रिकाम्या हॉलमध्ये श्वासांचा आवाज भरून राहिला. बाई आपल्या जागी उभ्या राहिल्या.

"डाव्या कुशीवर वळा."

सगळ्या चटया एका अंगाला दबल्या.

"हाताचा आधार घ्या. सावकाश उठून बसा."

चटया सपाट झाल्या. बाईंनी हात लावून पाहिला. गार होत्या.

वरच्या मजल्यावर एकदम कल्लोळ उठला. बाकं आपटली, कुणी हसलं, कुणी भोकाड पसरलं, सरांचं ओरडणं त्यात बुडून गेलं. बाई रडत रडत जिना चढल्या. असा आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता.

वर्गात नुसता धुडगूस होता. त्यात त्यांची मुलगी मात्र हाताची घडी घालून बसली होती.

"फार गोंधळ आहे, बाई," ती म्हणाली.

बाई पुन्हा खाली आल्या. मांडलेल्या चटयांमधून फिरल्या. कोपरा फाटलेली चटई त्यात नव्हती. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून ती फाटकी चटई त्या नेहमी तिलाच द्यायच्या.

काका व्हरांड्यात होते.

"ती होय? ती कापली, बाई. फाटकीच होती. पायपुसणी केली तिची. चांगली जाड निघाली."

"कुठं टाकलीत?"

"वर, वर्गांच्या दारांत. एक इथं जिन्यापाशी."

जिन्याच्या पायथ्याशी निळा तुकडा पडला होता. त्यावर बुटांचे ठसे होते. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी तळवा टेकला. तुकडा कोमट होता. थांबत थांबत, धापा टाकल्यासारखा हलत होता.

"डाव्या कुशीवर वळ, बाळा," बाई कुजबुजल्या.

तुकड्याची एक कड उचलली गेली आणि पुन्हा खाली पडली.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली, आणि वर सगळ्या वर्गांची दारं एकदम उघडली.