आठातले चार

“वेग वाढवता येतो, पण तुम्ही वाढवू नका,” असं त्यानं तिला पहिल्याच भेटीत बजावलं होतं. तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं.

भेटही ठरवून झालेली नव्हती. मुलांच्या डॉक्टरांकडून परतताना तिची तीन वर्षांची चिऊ हात सोडून शेजारच्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात घुसली, कारण तिथल्या टेबलावर एक सुटा पंखा निळा उजेड पाडत गरगरत होता. मागोमाग ती. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून चष्माच शोधत होता.

“काका, डोक्यावर!” चिऊ ओरडली.

तो हसला. ती नाही हसली. इतकं मोकळं हसणाऱ्या एकाशी तिनं लग्न केलं होतं, आणि दोन वर्षांपूर्वी ते मोडलंही होतं. तरी आलोच आहोत तर विचारावं, म्हणून तिनं आपल्या कॉम्प्युटरचा वेग वाढवता येतो का ते विचारलं. घरी बसून ती एका आर्किटेक्टबाईंसाठी अजून न बांधलेल्या घरांची चित्रं करायची… भिंती, खिडक्या, खिडकीतून येणारं ऊन. एकेका चित्राला मशीन तास-तास घ्यायचं.

मशीन बाईंच्या ऑफिसचं होतं आणि त्यांची अट एकच होती: आतल्या सेटिंगला हात लावलास, तर मशीन परत आणि काम बंद. काम बंद म्हणजे चिऊला घेऊन ताईच्या घरी राहायला जाणं. ताई सख्खी थोरली बहीण, पण तिच्या घरात श्वासही विचारून घ्यावा लागायचा.

पण शुक्रवारपर्यंत अठरा चित्रं हवी होती. तिनं एक व्हिडिओ बघितला, धीर केला आणि वेग वाढवला. दोन दिवस मशीन वाऱ्यासारखं पळालं. तिसऱ्या दुपारी पंखा किंचाळला, पडदा काळा झाला आणि मशीननं मान टाकली.

“दुकानात टाकून येऊ नकोस,” ताई फोनवर म्हणाली. “आतला चांगला माल काढतात आणि भंगार बसवतात हे लोक. तुला काय डोंबल कळणार?”

मग आतलं काही बदललं तर कळावं म्हणून तिनं झाकण उघडून दिसेल त्या भागावर लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावला. प्रोसेसर तेवढा पंख्याखाली दडलेला. तिथे बोट पोचेना. तसंच ते मशीन तिनं त्याच्या दुकानात नेऊन दिलं.

दुरुस्त मशीन घ्यायच्या दिवशी आर्किटेक्टबाई स्वतः दुकानात आल्या. “बंद का पडलं?” त्यांनी विचारलं.

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. “आई, दुखतंय,” चिऊ कुजबुजली.

“धूळ,” तो म्हणाला. “धूळ साचली होती.”

धूळ? गेल्याच आठवड्यात तिनं ब्रश घेऊन कोपरा न् कोपरा झाडला होता. ती वाचली होती खरी, पण पापणीही न लवता खोटं बोलणारा हा माणूस आणखी काय काय लपवत असेल?

घरी आल्याआल्या तिनं ठिपके मोजले. सगळे जागेवर. मग प्रोसेसरचं काम दाखवणारा तक्ता उघडला. तिथे आधी आठ चौकटी असायच्या. आता चारच!

“म्हटलं नव्हतं मी?” ताई फोनवर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिऊला कडेवर घेऊन ती दुकानात उभी.

“माझे चार कुठे आहेत?”

“चार… काय?”

“साळसूदपणा नको. आठ होते. अर्धा प्रोसेसर ढापलात तुम्ही!”

त्यानं चष्मा खाली घेतला. “अर्धा कसा ढापणार? ती काय भाकरी आहे, तुकडा मोडायला?” मग तिचा चेहरा बघून मवाळ झाला. “हे बघा. कोअर म्हणजे स्वयंपाकघरातला माणूस. तुमच्या प्रोसेसरमध्ये चार माणसं. प्रत्येकापुढे दोन शेगड्या. एकीवर दूध तापेपर्यंत दुसरीवर ढवळायचं, म्हणजे हात रिकामा राहत नाही. त्या शेगड्या म्हणजे थ्रेड. चार माणसं, आठ शेगड्या. तक्त्यात तुम्ही शेगड्या मोजल्यात. मी निम्म्या विझवल्यात. माणूस एकही पळवलेला नाही.”

“का विझवल्या?”

“पंखा आणि प्रोसेसर यांच्या मधली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट सुकलीय. नवी शनिवारी येईल. तोवर तापू नये म्हणून.”

“आणि… वेग वाढवला तर काय होतं?” तिनं शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

“त्याच चार माणसांच्या मागे उभं राहून ‘आवर, आवर’ करायचं. काम होतं भरभर. पण घामाघूम होतात बिचारी, आणि एक दिवस चक्कर येऊन पडतात.”

तिनं चिऊला कडेवरून खाली ठेवलं. मग एकदम म्हणाली, “मीच वाढवला होता.”

“माहीत आहे. वेगाचा आकडा मशीनच्या सेटिंगमध्येच लिहिलेला असतो. मी खाली आणला.”

“मग धूळ का म्हणालात?”

“बाईंनी विचारलं, तेव्हा तुम्ही चिऊचा हात इतका आवळला होतात, की…” तो थांबला. “त्या गेल्यावर सांगणार होतो. पण तुम्ही माझ्याकडे असं बघत होतात, जणू मी तुमचं घर लुटलंय.”

तिचे कान तापले. संशय तिनं त्याच्यावर घेतला होता, आणि लपवाछपवी मात्र तिचीच होती! तिनं तिथूनच आर्किटेक्टबाईंना फोन लावला आणि खरं सांगून टाकलं. बोलणी बसली. पण शुक्रवारची मुदत सोमवारवर गेली आणि काम तिच्याकडेच राहिलं.

शनिवारी तो पेस्ट घेऊन घरी आला. काम संपल्यावर मशीनच्या मागे तळहात धरून बसला. “गार आहे आता. आठही शेगड्या चालू.” मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “याचं तापमान बघायला मी आहे. तुमचं कोण बघतं?”

“मी ठीक आहे.”

“धूळ,” तो म्हणाला.

तिला हसू फुटलं… आणि पाठोपाठ डोळेही भरून आले. “मला तुमचा अजून संशय येतो हं,” ती म्हणाली.

“येऊ द्या की. रोज येईन. ठिपके मोजून घेत जा.”

तिनं कपाटातून नेलपॉलिश आणलं, त्याचा हात ओढला आणि अंगठ्याच्या नखावर एक लाल ठिपका ठेवला. “हा बदलून आलेला चालणार नाही,” ती हळूच म्हणाली. “हाच हवाय मला.”

“मला पण!” चिऊनं दोन्ही हात पुढे केले.

तिला विचारणारं कुणीतरी भेटलं. पण तुमच्या ओळखीत अशी एखादी असेलच, एकटीच्या हातानं आठ शेगड्या सांभाळणारी. बहीण, मैत्रीण, समोरच्या घरातली लेकुरवाळी. आज तिला फोन करा. “मी ठीक आहे” म्हणाली, तर विश्वास ठेवू नका. थोडं थांबा, आणि पुन्हा विचारा.