पायाचं औषध

बिऱ्हाड हलवलं की पाणी कधी येतं, दूधवाला कोण, वाणी उधार देतो का, हे आठवडाभरात कळतं. डॉक्टर मात्र कळत नाही. नवी चप्पल पायाला बसेपर्यंत चावते, तसंच त्याचं.

सुदाम अंबरनाथच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचा. केसाएवढा फरक दिसला तरी नग बाजूला काढायचा, आणि घरातही त्याच नजरेनं पाहायचा, म्हणून बायकोची बोलणी खायचा. उल्हासनगरची नाल्याकाठची खोली त्यानं सोडली ती आईच्या, गयाबाईच्या दम्यापायी. बदलापुरात कात्रपला हवा मोकळी होती. पण एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली असताना, त्या मोकळ्या हवेतच म्हातारीचा दमा उसळला.

पहिल्या डॉक्टरनं तिचं ऐकून घेण्याआधीच इंजेक्शन भरलं. दुसरा होमिओपॅथीवाला, त्यानं, लहानपणी कशाला भ्यायचात, असं विचारलं. गयाबाई त्याच्यावरच उखडली आणि उठून आली.

"आपले डॉक्टरसाहेब आहेत की," शेजारची पुतळाबाई म्हणाली. "जुने आहेत. औषधाला बाटली तेवढी घरनं न्या."

दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. बाहेरच्या बाकांवर माणसं दाटीनं बसलेली, पण खोकत-कण्हत कुणीच नव्हतं. डेटॉलचा वास होता, आणि त्याखाली ओल्या गोणपाटाचा. गयाबाई दारात दिसली तशी सगळ्यांनी सरकून तिला जागा करून दिली, रोजच्या माणसाला देतात तशी.

डॉक्टरांनी नाव विचारलं नाही. खोली कुठली एवढंच विचारलं. सुदामनं सांगितलं.

"हां. मग, पाय काय म्हणतोय?" त्यांनी गयाबाईचा उजवा गुडघा दाबला.

"पायाला काय न्हाय डाक्टर. छातीत भरतंय."

"छातीचा त्रास तुम्हाला कधीच नव्हता," डॉक्टर मायेनं म्हणाले.

उघड्या दारातून बाकावरची माणसं पाहत होती. त्यांनीही माना डोलावल्या. डॉक्टरांनी बाटलीत लाल औषध ओतलं, डोसांच्या खुणांची कागदी पट्टी कापून बाटलीवर चिकटवली आणि पुढच्याला हाक मारली.

म्हातारा डॉक्टर, चुकत असेल, असं सुदाम मनाशी म्हणाला. पण औषधानं दमा ओसरला. घरात घरघर ऐकू येईना. सुदामला इतकं हलकं वाटलं की आई उजव्या पायानं लंगडतेय हे त्याच्या नजरेनं टिपलं, तरी तोंडानं काही विचारलं नाही.

मग एका सकाळी पुतळाबाईनं बाहेरून हाक मारली, "गोदूताई, भाजीला येताय?"

"आले," म्हणत गयाबाई पिशवी घेऊन निघाली.

"गोदूताई कोण?" त्यानं पुतळाबाईला नंतर गाठून विचारलं.

"तुमच्याच खोलीत राहायच्या ना, तुमच्या आधी."

"मग गेल्या कुठं?"

पुतळाबाईला प्रश्नच कळला नाही. "जातील कुठं?" ती म्हणाली. "पायाचं औषध चालूये त्यांचं."

सुदामनं बाटली मोरीत ओतली. संध्याकाळी कामावरून आला तेव्हा ती भरून कोनाड्यात ठेवलेली होती. तो तसाच दवाखान्यात गेला.

"डॉक्टर, ती माझी आई आहे. गयाबाई."

"गुण येतोय ना?"

"येतोय, पण..."

"मग औषध बदलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. बाकावर कुणीतरी समजूतदारपणे हसलं. सुदाम हात हलवत घरी आला.

आईनं चहा पुढं ठेवला.

"घ्या. साखर कमीच घातलीय. चालेल ना तुम्हाला?"

तिनं त्याला जन्मात कधी अहो-जाहो केलं नव्हतं. तिचं 'न्हाय' आणि 'डाक्टर'ही आता कुठं ऐकू येत नव्हतं. तोंडावळा तोच होता, हनुवटीवरचं गोंदणही तेच. तो नुसता बघत राहिला आणि चहा निवून गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून, रिक्षा ठरवून त्यानं तिला उल्हासनगरला नेलं, डॉक्टर वासवानींकडे. त्याच्या शाळकरी वयापासून तिला तेच तपासत आले होते. ती वाटेत रिक्षाबाहेर पाहत होती. जुनी गल्ली आली तेव्हाही तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली नाही.

वासवानी त्याला पाहून खूश झाले. त्यांनी तिची छाती नीट तपासली. पाठीवरूनही ऐकलं.

"छाती एकदम साफ," ते म्हणाले. "पाय का दर्द पुराना है. कौन आहे ही, नात्यातली?"

सुदामनं टेबलाची कड धरली.

"और अपनी गयाबाई कैसी है?" वासवानींनी विचारलं. "दमा कसा आहे तिचा? उसको क्यूँ नहीं लाया?"

सुदामनं मान वळवून आईकडे पाहिलं.

"सांगा ना," शेजारच्या स्टुलावरून ती अदबीनं म्हणाली. "आईला कुठं ठेवून आलात?"