कोऱ्या नमुन्यातली कस्तुरी

शीतखोलीचं दार त्याने बाहेरून ओढलं आणि तिने आतून ढकललं, तेव्हा ती थेट त्याच्या हातातल्या चिखलाच्या नळीवर आदळली.

"सांभाळा! ध्रुवाकडचा समुद्रतळ आहे हा!"

"मग घट्ट धरा की!"

त्याने धरलं... आधी तिला, मग नळीला. नळी वाचली.

तो जहाजावरून गाळाच्या नळ्या आणायचा, म्हणून सगळे त्याला चिखलराव म्हणत. ती त्या गाळात वर्षानुवर्षं न विरणारी रसायनं शोधायची. जुनी कीटकनाशकं, अत्तरातली कृत्रिम कस्तुरी, असलं काहीबाही. प्रयोगशाळेत अत्तर-पावडर बंद, हा नियम तिचाच. म्हणून तिचं नाव पडलं सोवळी.

त्या धडकेनंतर चिखलराव एका खेपेच्या नळ्या चार खेपांत आणू लागला.

आणि घात झाला. मशीनने गाळात कस्तुरी दाखवली. सोवळी हरखली, पण शुद्ध पाण्याच्या कोऱ्या नमुन्यातही तीच कस्तुरी! म्हणजे वास ध्रुवावरचा नव्हता, खोलीतलाच होता.

"चोर शोधा, नाहीतर सगळा गाळ फेकून द्या," साहेबांनी सुनावलं. तिची सगळी मेहनत मातीमोल होणार होती.

तिने साबण बदलला, पडदे उतरवले, सहकाऱ्यांना हुंगून पाहिलं. मग आठवलं... ताईच्या बाळंतपणासाठी ती रजेवर होती, तेव्हा कोरा नमुना अगदी कोरा होता. आणि त्या दिवसांत चिखलराव नळ्या दारातच ठेवून जायचा.

"अत्तर लावता?" तिने त्याला दारातच अडवलं.

"छे! म्हणजे... थेंबभर."

"मी रजेवर असतानाही लावत होतात?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तेव्हा... हुंगायला कोण होतं?"

तिला रागवायचं होतं. हसूच आलं. "उद्या नुसत्या पाण्याने आंघोळ करून या!"

दुसऱ्या दिवशी तो आला, तो मासळीचा वास घेऊन. तिने कोरा नमुना मशीनला लावला. पडद्यावर रेघ सरळ... सरळ... आणि पुन्हा तोच कस्तुरीचा उंचवटा!

"चिखलराव!"

"शपथ! आज वाटेत मांजरी मागे लागल्या होत्या माझ्या!" तो थबकला. जरासा वाकला. "सोवळीबाई... तुमच्या कानामागे काय आहे?"

तिचा हात कानाकडे गेला. ताईने दिलेल्या कुपीतलं अत्तर. थेंबाने काय होतंय, असं ती रोज स्वतःला समजावायची. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही दारात धडकलात ना... तेव्हापासून."

ती घसाघसा मान धुऊन, कपडे बदलून आली. रेघ शेवटपर्यंत सरळ गेली. न उघडलेल्या नळ्या पुष्कळ होत्या, गाळ वाचला होता.

"रविवारी भेटायचं? मशीनपासून लांब?" त्याने विचारलं.

"भेटू. आणि... अत्तर लावून या."

"थेंबभर?"

"मांजरी पळून जातील इतकं!"