कर्स्टनचा श्वास

आमचा गाण्याचा ग्रुप एकूण सतरा महिने टिकला. नाव लेमन कर्फ्यू. ते आम्ही ठेवलं नव्हतं. ऑरलँडोच्या कंपनीनं आधी नाव ठरवलं आणि मग त्यात बसतील अशा चार मुली शोधल्या. मी जनेल, टोन्या, मॅरिसोल आणि मिनेसोटाची कर्स्टन. एका गोदामात दिवसाला आठ तास नाच, मग सॅलड, मग वजनकाटा.

सप्टेंबरात कर्स्टनला घरी पाठवलं. कंबर भरली म्हणे! मॅनेजर वेडनं आम्हा तिघींना विचारलं, "कुणाची हरकत?" कुणी तोंड उघडलं नाही. तिच्या ओळी मला मिळणार होत्या, मी कशाला उघडू? गाण्यातून तिचा आवाज काढून माझा भरला. पोस्टरवरून तिला कापलं.

एक गोष्ट मात्र राहिली. कोरसच्या आधी कर्स्टन जोरात श्वास ओढायची आणि आम्ही सगळ्या त्यावरच सूर उचलायचो. रेकॉर्डिंगवाल्या लॉइडनं तो पुसला की आम्ही तिघी दर वेळी उशिरा. शेवटी वैतागून त्यानं तेवढा राहू दिला. "नुसता श्वास कोण ओळखतंय गं?" म्हणाला.

डिसेंबरात डेटनच्या एका मॉलमध्ये, बुटांच्या दुकानासमोर, आमचा कार्यक्रम होता. दुसऱ्या गाण्यात वीज गेली. रेकॉर्ड केलेला ट्रॅक बंद, माइक बंद. समोर दोनशे पोरी, त्यांच्या आया, भाजलेल्या प्रेट्झेलचा वास. आम्ही हसत नाचत राहिलो. तसंच शिकवलं होतं.

कोरसच्या आधी श्वास आला.

माझ्या डाव्या खांद्यामागून, जिथे कर्स्टन उभी राहायची तिथून. तिघींनी एकदम सूर लावला. टाळ्या पडल्या.

व्हॅनमध्ये मॅरिसोल म्हणाली, "तो तू घेतलास ना?"

"हो."

"खोटारडी," टोन्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कर्स्टनच्या घरी फोन लावला. आईनं उचलला.

"बरी आहे की. अंगणातला बर्फ उपसतेय, मला इथून दिसतेय." मग म्हणाल्या, "जनेल, एक विचारू? पारा शून्याखाली वीस आहे. शेजाऱ्याच्या तोंडातून वाफ निघते, कुत्र्याच्या निघते. हिच्या नाही निघत. तुमच्याकडे पण असंच होतं का गं?"

"आमच्याकडे थंडी नसते, मिसेस लिंडक्विस्ट."

"तेही खरंच. पण वाळलीय फार."

जानेवारीत वेडनं सांगितलं, दुसरा अल्बम हवा असेल तर त्या गाण्याची नवी प्रत सोमवारी द्यायची आणि तिच्यात कर्स्टनचं काही म्हणजे काही राहता कामा नये. लॉइडनं माझ्याकडे पाहिलं.

"श्वास काढू? तू म्हणशील तसं."

मला डेटन आठवत होतं. तो फोनही आठवत होता. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण टस्कलूसाला परत जाऊन आईच्या सलूनमध्ये लोकांचे केस झाडायचे नव्हते मला.

"काढ," मी म्हटलं.

त्यानं बटण दाबलं. आम्ही गायलो. तिघीही अगदी बरोबर जागी आलो.

तेव्हा काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही, आणि त्याचीच मला भीती वाटते.

अल्बम काही निघाला नाही. मार्चमध्ये आम्हा तिघींनाही घरी पाठवलं. पण मिनेसोटाचा फोन त्याच्या खूप आधी आला होता. प्रत दिल्यावर दोनच दिवसांनी, बुधवारी सकाळी.

"जनेल, तिचा निळा सॅटिनचा ड्रेस तिथेच राहिलाय का? फार आवडायचा तिला. शुक्रवारी शेवटचं चर्चमध्ये नेताना तोच घालीन म्हणते."

ड्रेस माझ्याकडेच होता. शिंपिणीनं तो माझ्या मापाला दोन्ही बाजूंनी आत घेतला होता. मी तसं सांगितलं.

"तसाच पाठव," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. "आता बसेल तिला."