तिची साधी सर्दी

चष्मेवाला प्रयोगशाळेत पहिल्यांदा आला तो रक्त द्यायला... आणि आल्या आल्या रक्त घेणाऱ्या बाईंच्या नाकावरच बोट ठेवून मोकळा झाला.

"तुमचा चष्मा डावीकडे कललाय."

"हात सरळ ठेवा," ती म्हणाली.

"हात सरळच आहे. चष्मा तिरका आहे. मला बघवत नाही हो. धंदाच आहे माझा."

तिने सुई टोचली, नळी भरली, कापूस दाबला. मग त्याने खिशातून बोटाएवढा पेचकस काढला, हात पुढे केला आणि तिने – का कोण जाणे – चष्मा काढून दिला. दोन वळसे. त्याने चष्मा परत चढवला तेव्हा त्याची बोटं तिच्या कानाला लागली न लागली...

"आता दिसतोय का मी सरळ?"

"तुम्ही काही सरळ दिसत नाही," ती म्हणाली. शेजारच्या टेबलापाशी बसलेली नर्स खुदकन हसली.

प्रयोगशाळेत सगळे तिला मुंगी म्हणत. दिवसभर तोंडातून शब्द नाही, काम मात्र थांबत नाही, म्हणून. चार वर्षं ती एकाच प्रश्नाच्या मागे लागली होती. फ्लूची लस घेऊनही माणसाला फ्लू झाला, तर आत शरीर काय करतं? त्यासाठी शंभरेक माणसं दर सोमवारी रक्त द्यायला आणि नाकात काडी फिरवून घ्यायला येत. तुलनेसाठी प्रयोगशाळेतली माणसंही देत, तीसुद्धा.

चष्मेवाला वेगळ्या गटातला होता. चार वर्षांपूर्वी त्याच्या ताईने त्याला स्वतःची किडनी दिली होती. ती परकी म्हणून शरीराने तिच्यावर उठू नये, यासाठी तो रोज औषधं घ्यायचा.

"म्हणजे माझी लस फुकट?" तिसऱ्या सोमवारी त्याने विचारलं.

"फुकट नाही... अर्धीमुर्धी." ती सांगू लागली. कामाबद्दल बोलताना मुंगीला वाचा फुटायची. "लसीमुळे रक्तात अँटिबॉडी तयार होतात, त्या विषाणूला दारात अडवतात. तरी तो आत घुसलाच, तर टी-पेशी धावतात. ज्या पेशींत तो लपलाय त्या हुडकून मारतात. काही टी-पेशी तर जुनी ओळख लक्षात ठेवून असतात."

"आणि माझ्या?"

"तुमच्या औषधाने झोपवल्यात. ताईंच्या किडनीला हात लावू नये म्हणून."

"ताईसाठी एवढं चालायचंच," तो हसला. "पण तुमच्या जाग्या आहेत ना? मग झालं. दोघांत मिळून एवढ्या पुरतील."

कान लाल झाले तरी ती नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत राहिली.

हिवाळा सुरू झाला. तिचा चष्मा दर आठवड्याला सैल होऊ लागला. खरं तर ती स्वतःच त्याचा पेच सैल करायची, आणि ते त्यालाही कळत होतं. तो घट्ट करून घ्यायला ती त्याच्या दुकानात जायची. दुकान लहानसं होतं. भिंतभर आरसे, त्यामुळे कुठेही नजर चुकवली तरी समोर तोच दिसायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं.

एका रविवारी दुपारी बाहेर बारीक पाऊस होता, दुकानात कुणी नव्हतं. तिने चष्मा काढून काउंटरवर ठेवला होता. तो समोर बसून तिच्याकडे बघत होता.

"असं काय बघतोस? मला काहीच दिसत नाहीये."

"म्हणून तर बघतोय."

ती हसली आणि तिला शिंक आली. पाठोपाठ दुसरी.

"धूळ फार आहे तुझ्याकडे," ती म्हणाली.

"असेल," तो म्हणाला... आणि तिचा हात हातात घेतला.

मंगळवारी त्याला ताप भरला. बुधवारी तो इस्पितळात होता. दोन्ही फुप्फुसं भरलेली, नाकाला प्राणवायूची नळी. डॉक्टरांनी ताईंना बाजूला घेतलं. फ्लूशी लढायचं तर टी-पेशी जाग्या व्हायला हव्यात, त्यासाठी औषधं कमी करायला हवीत. आणि त्या जाग्या झाल्या, की किडनीला सोडतील याची खात्री नाही.

"माणूस वाचवा," ताई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

मुंगी रोज संध्याकाळी मास्क लावून काचेबाहेर उभी राहायची. पुढच्या सोमवारी तिने प्रयोगशाळेत मागच्या आठवड्याचे नमुने तपासायला घेतले. एका काडीत फ्लूचा विषाणू सापडला. क्रमांक तिचा स्वतःचा होता.

ती खुर्चीवर बसली. मग तिने इस्पितळातून आलेला त्याच्या घशातला विषाणू आणि आपला, दोन्ही शेजारी ठेवून तपासले. एकच होते, जनुकांतल्या एका बारीक खुणेसकट. तिने आपलं रक्त पाहिलं. तिच्या टी-पेशी झपाट्याने वाढल्या होत्या आणि तिला साधी कणकणही जाणवू न देता त्यांनी काम उरकलं होतं. इतका देखणा आलेख तिला चार वर्षांत मिळाला नव्हता. तिने स्क्रीन बंद केली आणि टेबलावर डोकं टेकून ती ढसाढसा रडली.

तिला आत जायची परवानगी मिळाली तोवर त्याचा ताप उतरला होता. किडनीने मात्र काम सोडलं होतं. पलंगाशेजारी डायलिसिसचं यंत्र संथ घरघरत होतं.

"माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "ती धूळ नव्हती. मी आजारी होते आणि मला... मला कळलंसुद्धा नाही."

त्याने नजर छताकडे वळवली.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"चार वर्षं हेच करतोय ना मी. कुणी शिंकलं की उठायचं. बसमधून उतरलोय, भाच्याच्या वाढदिवसातून जेवण टाकून आलोय. तू शिंकलीस तेव्हाच उठायला हवं होतं." त्याला धाप लागली. "नाही उठावंसं वाटलं. एवढंच."

"वेडा आहेस का तू?"

"हो. तुझ्यावर प्रेम आहे माझं. आणि हे असं सांगावं लागतंय..."

"माझंही आहे," ती म्हणाली. तिला वाटलं होतं की हे शब्द उच्चारताना अंगभर काहीतरी फुलेल. यंत्राच्या नळीतून त्याचं रक्त गोल फिरत होतं, तिकडेच तिची नजर लागून राहिली.

दहा दिवसांनी त्याला घरी सोडायचं ठरलं. घरी म्हणजे ताईंकडे, दुसऱ्या गावी. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, आणि नव्या किडनीची वाट. "मीही येते," ती म्हणाली.

"नको. किडनी मिळाली की पुन्हा तीच औषधं. तू शिंकलीस की मी उठून जाईन, आणि तू रडशील. नाहीतर पुन्हा उठणार नाही..." तो थांबला. "ताईकडे आता द्यायला काही नाही गं."

ती उठून ताईंकडे गेली.

ताई सामान भरत होत्या. तिने त्यांनाही सगळं सांगितलं – शिंक, काडी, खूण. ताईंनी हातातल्या सदऱ्याची घडी पुरी केली आणि तो पिशवीत ठेवला.

"तुझं कौतुक करत होता तो मला फोनवर, महिनाभर," त्या म्हणाल्या. "म्हटलं, थंडी सरली की तुला घरी बोलवावं. एवढं खरं कशाला सांगितलंस बाई? नसतं सांगितलंस, तर आत्ता जवळ तरी घेता आलं असतं तुला."

आणि त्या पिशवी उचलून बाहेर गेल्या.

गाडी फाटकातून निघाली तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं, अगदी वळणापर्यंत. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती.

"ओ बाई, बाजूला व्हा," पहारेकरी म्हणाला. "मागून गाडी येतेय."

ती बाजूला झाली.