कारभाऱ्याच्या पोटावरचा डाग

समीक्षा बारावी पास झाली ते साल २०२३. मे महिन्यात निकाल लागला, घरात पेढे आले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच समीक्षानं अशी काही किंकाळी फोडली की कुपवाडच्या त्या गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली!

"आज्जी! काय केलंस हे... काय केलंस तू!"

मागच्या अंगणात कारभारी आडवा पडला होता. पोट टम्म फुगलेलं, जीभ बाहेर लोंबलेली, श्वास भात्यासारखा चाललेला... आणि त्या फुगलेल्या पोटावर विळ्याच्या पात्याएवढा एक ताजा, काळा डाग! करपलेल्या केसांचा वास अंगणभर पसरला होता. शेजारी तीन विटांची चूल अजून धगधगत होती, आणि सत्तरीच्या भामाबाई त्या मुक्या जिवाचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत बसल्या होत्या.

"डागलाय त्याला, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "पोट फुगलं की डागत्यात. आमी मेंढरास्नी बी आसंच..."

"जाळलंस तू त्याला! जिवंतपणी जाळलंस!"

नातीच्या तोंडून आलेला तो शब्द भामाबाईंच्या काळजात असा घुसला की त्यांना क्षणभर आपलेच हात ओळखू येईनात. या हातांनी जाळलं? या हातांनी तर त्याला वाढवलं होतं...

कारभारी हा त्यांच्या मेंढरांचा कुत्रा. तेरा वर्षांपूर्वी म्हसवडच्या अलीकडे, माळावर, पावसात भिजलेलं ते पिल्लू त्यांच्या नवऱ्यानं, नानासोंनी, घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. दिवाळी सरली की नवरा-बायको मेंढरं घेऊन निघायची, फलटणकडून उतरत पार पलूसपर्यंत जायची, ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची त्याच्या बांधाला मुक्काम टाकायची. संध्याकाळी वाघर लागली, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं उभं राहिलं, की हा गडी सबंध जाळ्याभोवती हुंगत फिरायचा आणि मगच नानासोंच्या पुढ्यात येऊन बसायचा. नानासो विचारायचे, "काय कारभारी, आली का समदी?" त्यानं शेपूट हलवल्याशिवाय नानासोंनी कधी भाकरीचा तुकडा मोडला नाही. दोन वर्षांपूर्वी नानासो गेले, मेंढरं विकली गेली, आणि कुपवाडच्या कारखान्यात नोकरीला असलेला धनाजी आईला न्यायला आला. तेव्हा भामाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "ह्यो येत आसंल तर म्या येती."

सून सोनिया सुरुवातीला नाक मुरडायची. "आत्या, ह्या घरात मला इचारायच्या आधी कारभाऱ्याला इचारत्यात! आमटीला मीठ किती घालू, ते बी त्यालाच इचारते आता," असं म्हणायची आणि पहिली भाकरी त्यालाच टाकायची. समीक्षाचा तर तो जीव की प्राण. ती क्लासहून येईपर्यंत तो फाटकातून हलायचा नाही.

आणि आज पहाटे भामाबाईंनी त्याला कण्हताना ऐकलं. पोटाला हात लावला आणि त्या हादरल्या. धनाजी रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. त्याला उठवावं म्हणून त्या दारापर्यंत गेल्या, आणि उंबऱ्यावरच त्यांचा पाय अडला. आदल्याच संध्याकाळी मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात समीक्षाला घालण्याचं ठरलं होतं, धनाजीनं सोसायटीत वर्षानुवर्षं साठवलेले पैसे काढायचे म्हणून सोनियाला सांगताना त्याचा आवाज आनंदानं थरथरत होता... त्या पैशाला आपल्यापायी धक्का लागायचा? नको गं बाई! त्या मागं फिरल्या, चूल मांडली, आणि आईनं, सासूनं जे शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. तोंड बांधायला चिंधी घेतली होती, पण बांधवेना. तापलेलं लोखंड टेकलं तेव्हा कारभारी थरथरला, किंचाळला... आणि मग ज्या हातात विळा होता तोच हात त्यानं चाटला! त्या ओल्या स्पर्शानं भामाबाई जागच्या जागी थिजून गेल्या होत्या.

शेजाऱ्याच्या टेंपोतून चौघं त्याला सांगलीत घेऊन आले. डॉक्टर ज्ञानदा वयानं लहान, पण कामात चोख. डाग पाहून त्यांच्या कपाळाची शीर तटतटली.

"कुणी केलं हे? याचा काही उपयोग नसतो हो! त्याला नुसता त्रास दिलात तुम्ही!"

"म्या केलं," भामाबाई म्हणाल्या. मान खाली घातली नाही, पण डोळ्यांतलं पाणी त्यांना आवरेना.

मशीन लावून झालं, आणि डॉक्टरांचा आवाज एकदम मऊ झाला. कारभाऱ्याच्या पोटात गाठ होती. कितीतरी महिन्यांची असेल, आज ती फुटली होती आणि रक्त आतल्या आत पसरत होतं. ऑपरेशन करता येईल, दुसऱ्या कुत्र्याचं रक्त मिळवून चढवावं लागेल, खर्च साठ हजारांच्या घरात जाईल. पण या वयात तो टेबलावरून उठेलच असं सांगता येत नाही. उठलाच तर दोन-तीन महिने...

"आणि नाही केलं तर?" सोनियानं विचारलं.

"तर त्याला असं तडफडत ठेवू नका. मी इंजेक्शन देते. शांत झोपेल."

समीक्षानं बापाचा दंड धरला. "पप्पा, करा ऑपरेशन! मला नको ते कॉलेज! मी पुढच्या वर्षी जाते. ते पैसे आहेत ना आपल्याकडं... पप्पा, बोला की!"

"आगं, येडी का खुळी तू!" सोनिया कळवळून ओरडली. "वरीस वाया घालवतीस व्हय?"

धनाजी एकदा टेबलावर धापणाऱ्या त्या जिवाकडे बघे, एकदा लेकीकडे. 'व्हय' म्हणावं तर लेकीचं वर्ष बुडतं, 'न्हाई' म्हणावं तर तीच लेक जन्मभर म्हणणार, पैशासाठी बापानं कारभाऱ्याला मारलं!

डॉक्टर म्हणाल्या, "वेळ नाही आपल्याकडं. मालक कोण आहे त्याचा? मला कुणीतरी एकानं सांगा."

धनाजीचे ओठ नुसतेच हलले. भामाबाईंनी लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आईला लेकाच्या मनातलं ओझं दिसायला कितीसा वेळ लागतो! त्या टेबलापाशी गेल्या, कारभाऱ्याच्या कानामागं हात ठेवला.

"मालकीण मी हाय. त्येला कापू नगासा. सोडवा त्येला, बाईसाहेब."

सोनियानं तोंडावर पदर घेतला. ज्या बाईनं कुत्र्यावाचून लेकाच्या घरी यायला नकार दिला होता, तीच बाई त्याचं मरण मागत होती!

"तू?" समीक्षाचा आवाज फाटला. "सकाळी जाळलंस... आणि आता मारतेस पण? तुला काळीज आहे का नाही गं! माझ्याशी बोलू नकोस पुन्हा, कधीच बोलू नकोस!"

भामाबाईंनी तो घाव मुकाट्यानं सोसला. बोलू दे पोरीला. मला बोलली तर बापाला तर बोलणार नाही... पिकलं पान मी, किती दिवस सोसायचंय मला!

आणि तेवढ्यात धनाजीनं अंगातला शर्ट वर उचलला.

"समे, इकडं बघ."

त्याच्या बेंबीच्या वर, कातडी आक्रसलेला, जुना, पांढुरका पट्टा होता. समीक्षानं तो लहानपणापासून पाहिला होता. गरम दूध सांडलंय म्हणून बापानं तिला सांगितलं होतं.

"दूध न्हाई सांडलं, पोरी. ह्यो डाग हाय. दीड वर्साचा होतो. पलूसच्या रानात मेंढरं बसली होती आन् मला डबा झाला, बारक्या पोरांचं छातीचं दुखणं. पोट फुगलं, श्वास घेता येईना. लोक म्हणाले, डागा. नानांनी विळा तापवला, पण त्यांच्यानं हात उचलंना, विळा टाकून बांधापल्याड जाऊन रडत बसले. तवा हिनं उचलला. सोताच्या लेकराला! त्या डागानं मी वाचलो का नशिबानं, मला ठाव न्हाई. डाक्टर म्हणत्यात त्येच खरं आसंल. पण आपल्या माणसाच्यानं जे व्हत न्हाई, त्ये ही सोताच्या हातावर घेती... आजबी तेच केलंय हिनं. 'नको' म्हणायचं काम माझं होतं, समे. माझी जीभ उचलंना. म्हणून माझ्या वाटणीचं पाप हिनं घेतलं!"

एवढं बोलून तो कर्ता पुरुष आईच्या पायांशी बसला आणि लहान लेकरासारखा हुंदके देऊ लागला. "आये, मला माफ कर गं..."

समीक्षाची नजर त्या जुन्या डागावरून टेबलावरच्या ताज्या डागाकडे गेली आणि तिथून आजीच्या हातांकडे. विळा धरताना आजीच्या उजव्या तळव्याला टपोरा फोड आला होता, सकाळपासून तो कुणालाच दिसला नव्हता! तिनं तो हात उचलून आपल्या गालाला लावला, आणि तिला रडू कोसळलं.

"रडू नगं, बाय माझे," भामाबाई म्हणाल्या. "त्येचं दुखणं थांबू दे आधी."

डॉक्टरांनी कारभाऱ्याला जमिनीवर चादर टाकून निजवलं. भामाबाई भिंतीला टेकून बसल्या, त्यांच्या मांडीवर त्याचं डोकं ठेवलं. सोनियानं पाण्यानं त्याचे ओठ ओले केले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

"आज्जी... त्याला कळतंय का गं, आपण काय करतोय ते?"

"कळतंय की. त्येला समदं कळतं." आणि मग त्या वाकून त्याच्या कानाशी बोलल्या, "जा रं गड्या. नाना वाट बघत आसतील. समदी आली, कुणी ऱ्हायलं न्हाई मागं, जा तू."

सुई टोचली तेव्हा चौघांचेही हात त्याच्या अंगावर होते. दोन श्वास आले, तिसरा आला नाही. कुणी मोठ्यानं रडलं नाही. किती वेळ भामाबाई त्याचे कान कुरवाळतच राहिल्या, आणि त्यांचा दुसरा हात समीक्षानं घट्ट धरून ठेवला होता...

कारभारी २६ मे २०२३ रोजी, शुक्रवारी दुपारी, सांगलीत वारला. त्याच संध्याकाळी धनाजी आणि समीक्षा यांनी त्याला म्हसवडच्या त्याच माळावर पुरलं.